वारसाकलह आणि साष्टी : दहिसर-वसई परिसरातील सत्तांतरांचा राजकीय अन्वयार्थ (इ.स. १५२६ ते १८०२)

प्रास्ताविक

मध्ययुगाचा उत्तरार्ध आणि अर्वाचीन काळाचा प्रारंभ या कालखंडातील राजेशाह्यांचा अभ्यास करताना एक बाब प्रकर्षाने जाणवते. राज्य मिळविणे जितके कठीण होते, त्याहून ते पुढील पिढीच्या हाती सुरळीतपणे सोपविणे अधिक कठीण होते. ऑटोमन साम्राज्यात दुसऱ्या मेहमेदच्या कानूनाने गादीवर येणाऱ्या सुलतानास भावांचा वध करण्याची मुभा दिली होती. मोगलांमध्ये ज्येष्ठ पुत्राचा हक्क निर्विवाद मानला जात नव्हता, त्यामुळे जवळजवळ प्रत्येक पिढीत तख्तासाठी तलवार उपसली गेली. इंग्लंडमध्ये लँकेस्टर आणि यॉर्क या घराण्यांचा संघर्ष १४५५ ते १४८५ अशी तीस वर्षे चालला. मराठेशाहीत या प्रश्नाला 'भाऊबंदकी' असे नाव मिळाले आणि त्याचा विचार बहुधा व्यक्तींच्या स्वभावदोषांच्या अंगाने झाला.

वारसाकलहाचे परिणाम दरबारापुरते सीमित राहत नसत. दावेदाराला सैन्य हवे असे, सैन्याला पैसा हवा असे आणि पैसा नसेल तेव्हा मुलूख द्यावा लागे. दिला जाणारा मुलूख बहुतेक वेळा राजधानीपासून दूर, समुद्रकाठचा आणि परकीय सत्तेला हवाहवासा असे. मुंबईच्या उत्तरेकडील साष्टी बेट हे या प्रक्रियेचे ठळक उदाहरण होय. आज बृहन्मुंबईच्या उत्तर सीमेवरील उपनगर म्हणून ओळखले जाणारे दहिसर याच बेटावर वसलेले आहे. तुळशी तलावाच्या परिसरातून निघून मनोरीच्या खाडीस मिळणारी दहिसर नदी, उत्तरेस मिरे-भाईंदर आणि त्यापलीकडे वसईची खाडी अशी या परिसराची रचना आहे. खाडीच्या एका तीरावर साष्टी आणि दुसऱ्या तीरावर वसईचा किल्ला असल्यामुळे या दोहोंचे राजकीय भवितव्य दीर्घकाळ परस्परांशी निगडित राहिले.

प्रस्तुत लेखात १५३४, १६६१, १७३७-३९, १७७४-८२ आणि १८०२ या पाच टप्प्यांच्या आधारे राजघराण्यांतील कलह आणि साष्टी-वसईचे सत्तांतर यांचा परस्परसंबंध तपासला आहे. वारसाकलह हे सत्तांतराचे एकमेव कारण होते काय, की तो अगोदरच सज्ज असलेल्या बाह्य शक्तींना मिळालेला कायदेशीर दरवाजा होता, हा या विवेचनाचा मध्यवर्ती प्रश्न आहे.

गुजरातची सल्तनत आणि १५३४ चा वसईचा तह

सोळाव्या शतकाच्या प्रारंभी साष्टी व वसई हा प्रदेश गुजरातच्या सुलतानांच्या अंमलाखाली होता. १५२६ मध्ये सुलतान दुसरा मुजफ्फरशाह मरण पावला. त्याचा पुत्र सिकंदर गादीवर आला, परंतु काही आठवड्यांतच त्याचा खून झाला आणि एका अल्पवयीन भावास सुलतान म्हणून पुढे करण्यात आले. या सुमारास उत्तर हिंदुस्थानात असलेला दुसरा राजपुत्र बहादुर त्वरेने परतला आणि त्याच वर्षी त्याने गादी हस्तगत केली. एका वर्षात तीन सुलतान पाहणाऱ्या दरबारात नव्या सुलतानाची निष्ठावंतांवरील भिस्त किती नाजूक असेल, याची कल्पना सहज येते.

बहादुरशाहाचा भाऊ चांदखान याने माळव्यात आश्रय घेतला होता. १५३१ मध्ये बहादुरशाहाने माळवा जिंकला, त्यामागील अनेक कारणांपैकी हे एक होते. स्वतःच्या प्रतिस्पर्धी भावास दुसऱ्या राज्यात आश्रय मिळणे किती धोक्याचे असते, हे बहादुरशाह पूर्णपणे जाणून होता. तरीही त्याने हाच प्रयोग हुमायूनविरुद्ध केला. हुमायूनचा मेहुणा आणि तैमूर घराण्यातील दावेदार मुहंमद जमान मिर्झा याला त्याने गुजरातेत आश्रय दिला आणि त्याला परत सोपविण्यास नकार दिला. मोगल आणि गुजरात यांच्यातील वितुष्टाचे ते एक प्रमुख कारण ठरले.

याच सुमारास पोर्तुगीजांचा समुद्रमार्गाने दबाव वाढत होता. गव्हर्नर नूनो द कुन्हा याने १५३३ मध्ये वसईवर हल्ला करून तेथील तटबंदी उद्ध्वस्त केली होती. उत्तरेकडे हुमायून आणि पश्चिमेकडे पोर्तुगीज आरमार अशा कात्रीत सापडलेल्या बहादुरशाहाने २३ डिसेंबर १५३४ रोजी पोर्तुगीजांशी तह केला. या तहान्वये वसई, तिच्या आधीन असलेला प्रदेश आणि साष्टी व मुंबईसह बेटे पोर्तुगीजांना मिळाली. गुजरातच्या बंदरांतून तांबड्या समुद्राकडे जाणाऱ्या जहाजांनी वसईस येऊन पोर्तुगीजांचा परवाना घ्यावा, अशीही अट त्यात होती. दहिसरसारख्या खाडीकाठच्या गावांचा धनी बदलला, तो गावाच्या वेशीवर झालेल्या लढाईमुळे नव्हे. चितोड, मांडू आणि आग्रा येथील राजकारणाची ती परिणती होती.

पुढील घटना अधिक बोलक्या आहेत. १५३५ मध्ये हुमायूनने मांडू व चांपानेर घेतले आणि बहादुरशाह दीवला पळाला. मदतीच्या आशेने त्याने पोर्तुगीजांना दीव येथे किल्ला बांधण्याची परवानगी दिली. परंतु हुमायूनलाही गुजरात राखता आला नाही. त्याचा भाऊ अस्करी अहमदाबादेत स्वतःची सत्ता स्थापण्याच्या विचारात असल्याचा संशय निर्माण झाला आणि अस्करीने आग्र्याची वाट धरल्यावर १५३६ मध्ये हुमायूनलाही माघार घ्यावी लागली. गेलेले राज्य बहादुरशाहास परत मिळाले, दिलेली वसई मात्र परत आली नाही. फेब्रुवारी १५३७ मध्ये दीवजवळ समुद्रात पोर्तुगीजांशी झालेल्या झटापटीत त्याचा अंत झाला. त्यानंतर त्याचा जुना आश्रित मुहंमद जमान मिर्झा याने पोर्तुगीजांच्या पाठिंब्याने गुजरातच्या गादीवरच हक्क सांगितला. तो प्रयत्न फसला आणि त्याच वर्षी बहादुरशाहाचा पुतण्या तिसरा महमूद सुलतान झाला. परक्या दावेदाराला पोसण्याचे राजकारण पोसणाऱ्याच्याच घरावर कसे उलटते, याचे याहून स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडेल.

ब्रागांझा घराणे आणि मुंबईचे आंदण

पोर्तुगीज अंमलात साष्टीत चर्च, मठ आणि जमीनदारी यांचे जाळे उभे राहिले. बोरिवली-दहिसर परिसरातील मंडपेश्वराच्या शैव लेण्यांवर फ्रान्सिस्कन धर्मोपदेशकांनी उभारलेल्या वास्तूचे अवशेष आजही त्याची साक्ष देतात. परंतु या प्रदेशाचा खरा धनी लिस्बनमध्ये होता आणि लिस्बनची गादीही वारसाकलहापासून मुक्त नव्हती. १५७८ मध्ये राजा सेबास्तियन मोरोक्कोतील लढाईत निपुत्रिक मारला गेला. त्याच्यानंतर आलेला वृद्ध कार्डिनल हेन्री १५८० मध्ये वारसाविना मरण पावला. परिणामी स्पेनचा दुसरा फिलिप पोर्तुगालचा राजा झाला आणि साठ वर्षे हा देश स्पेनच्या राजघराण्याखाली राहिला. अशा रीतीने दहिसरचा सार्वभौम धनी काही काळ माद्रिदमध्ये होता.

१६४० मध्ये ब्रागांझा घराण्याने बंड करून पोर्तुगालचे स्वतंत्र राज्य पुन्हा स्थापिले. स्पेनने या नव्या घराण्याचा हक्क मान्य केला नव्हता. त्यामुळे त्यास शक्तिशाली मित्राची निकड होती. १६६१ च्या विवाहकरारान्वये राजकन्या कॅथरिनचा इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सशी विवाह ठरला आणि मुंबई आंदण म्हणून देण्यात आली. स्वतः चार्ल्सचे घराणेही वडिलांच्या वधानंतर अकरा वर्षांनी, १६६० मध्ये, पुन्हा गादीवर आले होते. म्हणजेच आपला हक्क नुकताच सिद्ध केलेल्या दोन घराण्यांमधील हा व्यवहार होता. प्रत्यक्ष ताबा १६६५ मध्ये देण्यात आला. मात्र साष्टी पोर्तुगीजांनी आपल्याकडेच ठेवली. परिणामी मुंबई इंग्रजांची आणि तिला धान्य, इंधन व मनुष्यबळ पुरविणारी साष्टी पोर्तुगीजांची अशी विभागणी झाली. इंग्रजांना साष्टीची जी आस पुढे शतकभर लागून राहिली, तिचे मूळ या अपुऱ्या आंदणात आहे.

१७३७-३९ : ऐक्याचा प्रतिदाखला

वारसाकलहामुळे साष्टी हातची जाते, हे विधान तपासावयाचे तर साष्टी कोणत्या परिस्थितीत मिळाली, हेही पाहणे आवश्यक ठरते. १७०७ मध्ये शाहू महाराजांची सुटका झाल्यावर सातारा आणि कोल्हापूर अशा दोन गाद्यांचा संघर्ष सुरू झाला. १३ एप्रिल १७३१ च्या वारणेच्या तहाने तो मिटला. त्याच वर्षी डभईच्या लढाईत सेनापती त्र्यंबकराव दाभाडे मारले गेले आणि बाजीरावाचे वर्चस्व निर्विवाद झाले. साष्टीची मोहीम यानंतर सहा वर्षांनी, १७३७ च्या मार्चमध्ये, ठाणे घेऊन सुरू झाली, ही बाब केवळ योगायोगाची म्हणता येणार नाही.

त्या वेळी आंग्रे घराण्यात मात्र कलह होताच. कान्होजी आंग्रे १७२९ मध्ये आणि त्यांचे पुत्र सेखोजी १७३३ मध्ये निवर्तल्यावर मानाजी व संभाजी या बंधूंत वाद सुरू झाला आणि त्यात पोर्तुगीज व इंग्रज दोघांनीही हात घातला. बाजीरावाने १७३५ मध्ये कुलाबा मानाजीकडे आणि विजयदुर्ग संभाजीकडे अशी वाटणी करून तो तात्पुरता मिटविला. यामुळे पुण्याची कोकणातील पकड वाढली, परंतु मराठ्यांचे आरमार कायमचे दुभंगले. चिमाजी आप्पाच्या नेतृत्वाखाली मे १७३९ मध्ये वसई पडली, तेव्हा साष्टीसह उत्तर कोकण मराठ्यांच्या हाती आले. वरिष्ठ पातळीवरील ऐक्याने बेट मिळाले, परंतु ते राखण्यासाठी लागणाऱ्या आरमाराचे विभाजन त्याच काळात झालेले होते. पुढे हीच उणीव महागात पडली.

पेशवेपदाचा वारसा : एक अनुत्तरित प्रश्न

१७४९ च्या डिसेंबरात शाहू महाराज निवर्तले. रामराजांच्या वारसाबद्दल शंका उपस्थित झाल्या. १७५० मध्ये ताराबाईंनी रामराजांना सातारच्या किल्ल्यात अटकेत ठेवले आणि प्रत्यक्ष राज्यकारभार पुण्यात एकवटला. पेशवा आता राजा नव्हता, परंतु राजाइतका प्रभावी झाला होता. येथेच एक घटनात्मक पेच निर्माण झाला. पेशवाई हे तत्त्वतः छत्रपतींनी द्यावयाचे पद होते. व्यवहारात मात्र ते भट घराण्यात वंशपरंपरागत झाले होते. वंशपरंपरा कोणत्या क्रमाने, पित्याकडून पुत्राकडे की भावाकडून भावाकडे, याचा निर्णय कोठेही लिहून ठेवलेला नव्हता.

१७६१ मध्ये नानासाहेबांच्या मृत्यूनंतर सोळा वर्षांचे माधवराव पेशवे झाले आणि चुलते रघुनाथराव मागे राहिले. १७६२ मध्ये आळेगाव येथे पुतण्याला चुलत्यापुढे नमते घ्यावे लागले. १७६८ मध्ये धोडप येथे चुलत्याचा पराभव होऊन तो शनिवारवाड्यात नजरकैदेत गेला. १८ नोव्हेंबर १७७२ रोजी माधवराव निवर्तले. त्यांचे धाकटे बंधू नारायणराव यांचा ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांकडून खून झाला. 'ध'चा 'मा' केल्याची आख्यायिका लोकमानसात इतकी खोल रुजली की, या प्रश्नाचे घटनात्मक स्वरूप तिच्याखाली झाकले गेले. वास्तविक आनंदीबाईंच्या लेखणीपेक्षा, वारसाक्रमाच्या नियमाचा अभाव हे या शोकांतिकेचे अधिक खोल कारण होते.

खुनानंतर रघुनाथरावांना पेशवाईची वस्त्रे मिळाली. रामशास्त्री प्रभुणे यांनी खुनाच्या दोषाबद्दल त्यांना जबाबदार धरून दरबार सोडला. नाना फडणवीस, सखारामबापू, हरिपंत फडके प्रभृती कारभाऱ्यांनी बारभाईंचे कारस्थान रचले आणि गर्भवती गंगाबाईंना पुरंदरावर सुरक्षित ठेवले. १८ एप्रिल १७७४ रोजी सवाई माधवरावांचा जन्म झाला आणि अवघ्या चाळीस दिवसांच्या या बालकास सातारहून वस्त्रे आली. एकाच छत्रपतींकडून वर्षभराच्या आत परस्परविरोधी अशा दोन दावेदारांना वस्त्रे मिळाली. वस्त्रे देणारा हात निर्णायक राहिला नव्हता, तो केवळ जिंकणाऱ्याच्या बाजूने पुढे होत होता. मात्र ती वस्त्रे दोन्ही पक्षांना आवश्यक वाटली, हेही तितकेच महत्त्वाचे आहे.

१७७४ ते १७८२ : दावा आणि ताबा

रघुनाथरावांनी मुंबईच्या इंग्रजांकडे मदत मागितली तेव्हा गव्हर्नर हॉर्नबी यांच्या कौन्सिलने साष्टी व वसईची मागणी पुढे केली. रघुनाथरावांनी १७७४ मध्ये प्रथम या मागणीस नकार दिला आणि त्याऐवजी गुजरातेतील मुलूख देऊ केला. चिमाजी आप्पाच्या पुतण्याला वसई देणे सहज शक्य नव्हते. त्याच सुमारास पोर्तुगीज आपले जुने ठाणे परत घेण्यासाठी आरमार पाठवीत असल्याच्या वार्तेने इंग्रज अस्वस्थ झाले. त्यांनी तहाची वाट न पाहता डिसेंबर १७७४ च्या अखेरीस ठाण्याचा किल्ला घेतला आणि लवकरच सर्व साष्टी त्यांच्या अंमलाखाली आली.

मार्च १७७५ मधील सुरतेचा तह या घटनेनंतरचा आहे. हा क्रम लक्षात घेणे आवश्यक आहे. या तहाने इंग्रजांनी सुमारे अडीच हजार फौज देण्याचे मान्य केले. रघुनाथरावांनी दरमहा दीड लाख रुपये खर्च आणि साष्टी, वसई व गुजरातेतील काही महाल देण्याचे कबूल केले. म्हणजेच अगोदर जिंकलेल्या मुलखावर दावेदाराची मोहोर नंतर उमटली. वारसाकलहाने इंग्रजांना साष्टी जिंकण्याचे सामर्थ्य दिले नाही. ती राखण्याचा कायदेशीर आधार मात्र त्याने दिला.

१७७३ च्या रेग्युलेटिंग ॲक्टनुसार कलकत्त्याच्या गव्हर्नर जनरलच्या संमतीविना असा तह करण्याचा मुंबईस अधिकार नव्हता. कलकत्त्याने तो अमान्य केला आणि १ मार्च १७७६ रोजी बारभाईंशी पुरंदरचा तह केला. रघुनाथरावांचा पक्ष सोडण्यात आला, साष्टी मात्र इंग्रजांकडेच राहिली. १७७९ च्या जानेवारीत वडगाव येथे इंग्रज फौज कोंडली गेल्यावर साष्टी परत करण्याचे लिहून देण्यात आले, परंतु कंपनीने तो करारच नाकारला. डिसेंबर १७८० मध्ये गॉडर्डने वसई घेतली. अखेर १७ मे १७८२ च्या सालबाईच्या तहाने वसई मराठ्यांना परत मिळाली आणि साष्टी, घारापुरी, करंजा ही बेटे इंग्रजांकडे राहिली. रघुनाथरावांना दरमहा पंचवीस हजारांची नेमणूक ठरली. ११ डिसेंबर १७८३ रोजी कोपरगाव येथे त्यांचा मृत्यू झाला. दावेदार संपला, दाव्याची किंमत मात्र कायमची वसूल झाली. वसईची खाडी ही दोन सत्तांमधील सीमारेषा बनली आणि दहिसर प्रथमच मुंबईच्या राजकीय वर्तुळात आले.

रघुनाथरावांची तुलना ऑटोमन राजपुत्र जेम याच्याशी करता येईल. भाऊ बायझिदकडून पराभूत झाल्यावर जेमने १४८२ मध्ये ऱ्होड्सच्या ख्रिस्ती योद्ध्यांकडे आश्रय घेतला. पुढे फ्रान्स व रोम येथे तो १४९५ पर्यंत ओलीस राहिला आणि त्याला अडकवून ठेवण्यासाठी बायझिद दरवर्षी रक्कम भरीत राहिला. दोन्ही ठिकाणी आश्रयदात्याचे हित दावेदाराला गादीवर बसविण्यापेक्षा त्याला हाताशी ठेवण्यात अधिक होते. फरक एवढाच की, ऑटोमनांनी रोख रक्कम मोजली आणि मराठ्यांनी मुलूख गमावला.

१८०२ : पुन्हा वसई

सवाई माधवरावांचा मृत्यू ऑक्टोबर १७९५ मध्ये झाला आणि पेशवाईच्या वारसाचा प्रश्न पुन्हा उभा राहिला. प्रथम रघुनाथरावांचे धाकटे पुत्र चिमाजी यांना दत्तकविधानाने पुढे करण्यात आले, तर डिसेंबर १७९६ मध्ये थोरले बाजीराव (दुसरे) पेशवे झाले. तुकोजीराव होळकरांच्या १७९७ मधील मृत्यूनंतर होळकर घराण्यातही वारसायुद्ध पेटले. १८०१ मध्ये विठोजी होळकरांना पुण्यात देहान्त शिक्षा देण्यात आली. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ पेशवे-शिंद्यांच्या फौजांचा पराभव केला आणि रघुनाथरावांचे दत्तकपुत्र अमृतराव यांना कारभारासाठी आणले. बाजीराव पळाले ते वसईस. ३१ डिसेंबर १८०२ रोजी तेथे झालेल्या तहाने त्यांनी तैनाती फौज स्वीकारली, तिच्या खर्चासाठी सव्वीस लाखांचा मुलूख दिला आणि परराष्ट्रव्यवहार कंपनीच्या संमतीवर सोपविला. पित्याने गादीसाठी एक बेट दिले होते, पुत्राने गादीसाठी राज्याचे स्वातंत्र्य दिले. १८१८ हे त्याचे उपसंहाराचे वर्ष होय.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, १५३४, १७७५ आणि १८०२ या तिन्ही तहांत दाता हा गादीवरील हक्क धोक्यात आलेला किंवा गादीपासून वंचित झालेला पुरुष होता. १६६१ चा करारही नव्या घराण्याच्या असुरक्षिततेतूनच झाला. याउलट १७३७-३९ चे यश वरिष्ठ पातळीवरील ऐक्याच्या काळात मिळाले.

दुसरा निष्कर्ष असा की, वारसाकलह हे पुरेसे कारण नव्हते. १५३३ चा वसईवरील हल्ला आणि १७७४ मधील ठाण्याचा पाडाव पाहता समुद्रावरील सामर्थ्य निर्णायक होते. कलहाने त्या सामर्थ्याला हक्काचे रूप दिले. वडगावचा करार कागदावर राहिला आणि रद्द ठरलेल्या सुरतेच्या तहातील साष्टी मात्र इंग्रजांकडेच राहिली, यातून हेच सिद्ध होते.

तिसरा निष्कर्ष इतिहासलेखनाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. भाऊबंदकी हा मराठी माणसाचा स्वभावदोष असल्याचे विधान वारंवार केले जाते. अहमदाबाद, आग्रा, लिस्बन, लंडन आणि इस्तंबूल येथील उदाहरणे पाहता ते टिकत नाही. वारसाक्रमाचा सर्वमान्य नियम आणि तो अमलात आणणारी निष्पक्ष संस्था यांचा अभाव हा त्या काळातील राजेशाहीचा सार्वत्रिक दोष होता. मराठेशाहीचे वेगळेपण एवढेच की, तेथे राजपद आणि प्रत्यक्ष सत्ता यांची फारकत झाल्यामुळे हा दोष दोन पातळ्यांवर प्रकटला.

१९५७ मध्ये बृहन्मुंबईची हद्द दहिसरपर्यंत वाढली आणि हे गाव महानगराची उत्तर सीमा ठरले. त्या विस्ताराची कारणे अर्थातच नागरी होती. परंतु हा प्रदेश मुंबईशी जोडला जावा की वसईशी, या प्रश्नाचा पहिला निकाल १७८२ मध्ये सालबाई येथे लागला होता आणि त्या निकालामागे एका घराण्यातील चुलत्या-पुतण्यांचा न सुटलेला वाद होता. राजधानीतील कलहाची किंमत सीमेवरील गावे मोजतात, हे दहिसर-वसई परिसराच्या इतिहासाचे सार होय.